एर्मिनियुची कॉलर

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या पोर्तुगीज वस्तीत एर्मिनियु दारुडा म्हणूनच गेला. चर्चच्या पायऱ्यांवर झोकांड्या खायचा, जीभ अडखळायची आणि अंगाला वाइनचा वास. पुरावा आणखी काय हवा? एवढं असूनही त्याची मुलगी देओलिंदा चांगल्या घरी पडली. बाप पितो म्हणून कुणी मुलगी नाकारत नव्हतं, पितात सगळेच. पण फ्लोरेश या मूळच्या बेटावरून रक्तातून आलेला, तोल आणि जीभ बिघडवणारा तो चालण्याचा आजार घरात आहे असं कळलं असतं, तर त्यांचा उंबरा कुणी चढलं नसतं.

एर्मिनियुने आयुष्यात घोटभरही घेतली नव्हती. दर रविवारी त्याच्या कॉलरवर वाइन शिंपडायचं काम देओलिंदाचं. तो मुकाट्याने मान पुढे करायचा.

आता देओलिंदा छप्पन्न वर्षांची आहे. यंदा पवित्र आत्म्याच्या सणाला हॉलमध्ये सूप वाढताना तिचा पाय वाकडा पडला आणि पातेलं लवंडलं.

"जरा जास्तच झाली गं मला," ती हसत म्हणाली. बायकाही हसल्या. तिची मुलगी इदालिना तेवढी हसली नाही. आईचा पेला तिने पाहिला होता, तो तसाच भरलेला होता.

गाडीत बसल्यावर तिने चावी फिरवलीच नाही.

"आई, मला यंदा मूल हवंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्त तपासू, पण घरात कुठला आजार आहे ते आधी सांगा. आजोबांना काय होतं?"

"प्यायचे ते."

"आणि तुला काय झालंय?"

देओलिंदाला खोटं बोलायची सवय होती, पण पोटच्या पोरीच्या डोळ्यांत बघून बोलायची नव्हती. तिने मांडीवरच्या पर्सकडे बघत सगळं सांगून टाकलं, कॉलरसकट.

"ते पापा घ्यायला यायचे आणि मी तोंड फिरवायचे. वास येतो म्हणून," इदालिना म्हणाली. "तू बघायचीस ना?"

"बघायचे."

"ते कधी काही बोलले नाहीत?"

"माझं लग्न होईस्तोवर चालू दे म्हणाले. ते झालं. मग तू झालीस, तर म्हणाले, आता नातीचं होऊ दे."

देओलिंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इदालिनाने डोळे पुसले.

"आधी तुझं रक्त देऊ. तुझ्यात निघालं, तर माझं तपासायचं की नाही ते मी ठरवीन. घाबरलेय मी, आई. आणि माझ्यात निघालंच, तर सासूबाईंना काय सांगू?"

देओलिंदाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, कुणाला संशयही येणार नाही असं. ते तिने गिळलं. पण ते आपल्याला इतक्या चटकन सुचलं, याची तिला त्या साऱ्या रविवारांहून जास्त लाज वाटली.