सावद्याच्या भट्टीतलं पातं, धुळ्याच्या यंत्रावर

नाशिकहून निघाले तेव्हा पिशवीत एकच पातं होतं. दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून, घड्या घालून मी गच्चीवर दमास्कस सुऱ्या घडवते. नोकरी सांभाळून जमेल तसं. कडक करण्यासाठी लालबुंद तापवून पाण्यात बुडवलेली आधीची दोन पाती तडकली होती. तीन महिन्यांच्या कामातलं हे शेवटचं. ते सावद्याच्या नानांकडे न्यायचं ठरवलं. नाना लोहार, केळीचे घड कापायचे विळे करतात.

भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे फैजपूरमार्गे एसटी. रस्त्यात केळीचे ट्रक असतात, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा.

नानांनी पातं नखानं वाजवून पाहिलं. "पान्यात नको ताई, याले तेल पाहिजे."

तापत्या पात्याला ते मधूनमधून चुंबक लावत होते. पुरेसं तापत आलेल्या पोलादाला चुंबक चिकटत नाही. ते चिकटेनासं झालं तसं आणखी जरासं तापवून त्यांनी पातं कोमट तेलात सरळ उतरवलं. मी कान टवकारून उभी. तडकल्याचा आवाज आला नाही. पण असं नुसतं कडक पोलाद काचेसारखं फुटतं. म्हणून नानांनी ते घासून उजळ केलं आणि वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत निखाऱ्यांवर शेकलं.

कडकपणा आकड्यात मोजणारं यंत्र धुळ्यात आहे, असं मी सहज म्हणाले. नाना हात पुसत म्हणाले, "मले पाह्याचं आहे ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याची एसटी धरली. मी बाई, नाना ज्येष्ठ. दोघांचंही अर्धं तिकीट. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली (तिखट कमी सांगा, तरी घाम येतो) आणि अक्कांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. अक्का कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग कडक करून देतात; कडकपणा मोजायचं यंत्र त्यांच्याचकडे आहे.

यंत्राचं हिऱ्याचं टोक पात्यावर दाबलं गेलं. अक्का काटा वाचून अहिराणीत म्हणाल्या, "आठे साठ शे. बराबर शे." म्हणजे इथे साठ आहे, बरोबर आहे. नाना हसले. मग पात्याच्या टोकाशी मोजलं. "आठे बावन्न. नरम शे."

नाना पुढे वाकले, काटा पाहिला आणि लगेच म्हणाले, "चूक माझी. टोक पातय, बारीक; शेकताना जास्त तापलं."

विजेच्या भट्टीत पुन्हा कडक करता येईल, पण तडकण्याचा धोका आहे, असं अक्कांनी सांगितलं.

"पातं तुझं, ताई. तू सांग," नाना म्हणाले.

मला तिसरं पातं गमावायचं नव्हतं. म्हटलं, नरम भाग काढून टाका. नानांनी दर क्षणाला पाण्यात बुडवत, जराही तापू न देता टोक बोटभर घासून काढलं. नव्या टोकाशी आकडा आला एकोणसाठ.

सुरी आखूड, थोडी बुटकी झाली आहे. कांदा सुरेख कापते. सावदा-धुळे करणाऱ्यांनी दोन दिवस तरी ठेवावेत.

परवा नानांचा फोन आला. "आता टोक सांडशीत धरूनच शेकतो, जास्त तापत नाही. नवा विळा केला ताई, चाल, धुळ्याले मोजून आणू."

मी रविवार सांगितला.