चकचकीत म्हणजे डुप्लिकेट

गाडीच्या मागे, बंपरखाली सायलेन्सरची नळी बाहेर येते. तिच्या तोंडाला काही गाड्यांत स्टीलचा एक आखूड तुकडा बसवलेला असतो, त्याला दुकानदार टीप म्हणतात. गाडी घेताना त्यात तोंड दिसतं. सहा महिन्यांत तो पिवळा पडतो आणि वर्षभरात तव्याच्या बुडासारखा होतो. मालकाला याचा पत्ता नसतो, कारण स्वतःच्या गाडीच्या मागे वाकून कोणी बघत नाही. मी बघतो. अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं बफिंग केलं, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर स्टीलची भांडी धरून चमकवली. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी मळलेलं स्टील दिसलं की हात शिवशिवतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मी बदलापूरला बेलवलीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि मी. बायको जाऊन तीन वर्षं झाली. ती दर पौर्णिमेला विहारात जायची, तेव्हा जिना उतरेपर्यंत तिच्याबरोबर चार बायका झालेल्या असायच्या. संध्याकाळी त्यातल्या दोघी तरी आमच्याकडे चहाला थांबायच्या, आणि मी पेपर तोंडासमोर धरून मनात म्हणायचो, कधी जातात या. ती गेल्यावर कळलं की घरी येणारी माणसं माझी नव्हती, तिची होती. मुलगी नाशिकला असते. रविवारी फोन करते आणि काय जेवलात विचारते. मी दर रविवारी वेगळी भाजी सांगतो, तिला बरं वाटावं म्हणून. एकटं राहणं किती शांत असतं, असं मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी पाच-पाच माणसं असतात.

आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये अकरा गाड्या. मालक सगळे कामाला मुंबईकडे जातात, ट्रेनने, त्यामुळे गाड्या सोमवार ते शुक्रवार जागच्या हलत नाहीत. एकदा कचरा टाकायला उतरलो असताना पांढऱ्या गाडीची टीप नजरेला पडली. चांगलं स्टील होतं, आणि दशा काय करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सामान घेऊन खाली उतरलो.

काम अवघड नाही, पण घाई केलेली चालत नाही. आधी साबणाच्या पाण्याने काजळी उतरवायची. मग अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून गोल फिरवायचा, आडवा नाही, नाहीतर ओरखडे उन्हात दिसतात. त्यानंतर फडक्याला हिरवा साबण लावून घासत बसायचं. हा अंगाचा साबण नव्हे, बफिंगवाल्यांची विटेसारखी कडक वडी असते. रिटायर होताना मी तसल्या चार वड्या घरी आणल्या होत्या, मागून आणल्या, उचलून नाही. फडकं बायकोच्या जुन्या सुती साडीचं. तिच्या साड्या मला कोणाला देववत नाहीत, फाडवतात मात्र. का ते विचारू नका.

एका टिपेला तासभर लागायचा. आमचा वॉचमन पाण्याची बादली आणून ठेवायचा आणि खुर्ची जवळ ओढून बसायचा. अकराच्या सुमारास टपरीवरून त्याचा चहा यायचा, तो अर्धा मला द्यायचा. मी घासता घासता बोलायचो. कारखान्यातलं सगळं त्याला सांगून झालं होतं, फोरमनच्या खोड्या, दोन संप, एकदा चाकात बाही अडकून हात कसा वाचला ते. दोन वर्षं मी रोज खाली येऊन त्याच्याशेजारी बसत होतो, त्याला ऐकायची सवय होती. पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं होतं, "कोणाला सांगू नको हां. बघू, कोणाच्या लक्षात येतं ते." तो हसून बरं म्हणाला.

अकरापैकी सातच गाड्यांना स्टीलची टीप होती. बाकीच्यांच्या नळ्या नुसत्या लोखंडी, त्यांना मी हात लावला नाही. दीड आठवड्यात सातही चमकल्या. मग मी वाट बघायला लागलो. रविवारी सकाळी कुटुंबं नटूनथटून गाड्यांत बसायची, तेव्हा मी मुद्दाम खाली पेपर वाचत उभा राहायचो. नमस्कार काका, म्हणायचे आणि निघून जायचे. एकदा पांढऱ्या गाडीचा मालक अगदी टिपेपाशी वाकला. मी पेपर खाली केला. त्याची चावी खाली पडली होती. सहा आठवडे मी असा उभा राहिलो. कोणी शाबासकी द्यावी असं नव्हतं, नुसतं कोणीतरी विचारायला हवं होतं की अरे, हे कोणी केलं? म्हणजे मी म्हणालो असतो, मी. एवढंच बोलायचं होतं.

सातव्या आठवड्यात लक्षात आलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या गाडीवाल्याने टिपेचा फोटो टाकला, भोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं होतं की माझ्या गाडीची ओरिजिनल टीप कोणीतरी काढून नेली आणि डुप्लिकेट बसवली आहे, सर्वांनी आपापली गाडी तपासा. अर्ध्या तासात आणखी सहा जणांनी तपासली, आणि सहाही जणांच्या टिपा डुप्लिकेट निघाल्या.

हे डोकं आमच्याच भागातल्या माणसाचं चालू शकतं. उल्हासनगर इथून हाकेच्या अंतरावर. घड्याळाच्या पट्ट्यापासून गाडीच्या आरशापर्यंत हव्या त्या वस्तूची हुबेहूब नक्कल तिथे बनवून मिळते, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे आमच्याकडे जुनी वस्तू अचानक नवी दिसली की माणूस खूश होत नाही, संशय घेतो. उल्हासनगरात चांगला मालही तेवढाच मिळतो, पण पिकतं तिथे विकत नाही. एकाने ग्रुपवर लिहिलंच होतं, इतकं चकचकीत म्हणजे डुप्लिकेटच.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हसू आलं. आणि मग रागाने कान तापले. एकतीस वर्षांचा माझा हात, आणि त्याला हे लोक डुप्लिकेट म्हणत होते.

संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्येच मीटिंग भरली. मी उतरलो तेव्हा गोल झाला होता आणि मध्ये वॉचमन उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. कोणी म्हणालं टोळी असणार, कोणी म्हणालं आतल्या माणसाशिवाय हे होत नाही. मग सेक्रेटरी वॉचमनकडे वळले. "सात गाड्यांच्या टिपा बदलल्या आणि तुला पत्ता नाही? मग दिवसभर इथे करतोस काय?"

तो म्हणाला, बाहेरचं कोणी आलं नाही साहेब. आणि त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. आता बोलावं, आता बोलावं, असं मनात चाललं होतं. पण आधी डुप्लिकेटचा राग होता, आणि त्याच्या खाली लाज होती. सांगायचं काय? मी रोज अकरा वाजता तुमच्या गाड्यांच्या मागे गुडघे टेकून बसतो, तुम्ही विचाराल म्हणून सहा आठवडे पेपर धरून उभा राहतो? बायका होत्या, पोरं होती. म्हातारा सटकलाय असं म्हणतील, याची मला भीती वाटली. सेक्रेटरी एजन्सीला फोन करतो म्हणाले, आणि मीटिंग संपली.

वर येऊन मी ठरवलं, उद्या सेक्रेटरींना एकट्याला गाठून सांगू. पहिल्या दिवशी ते लवकर निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझा गुडघा दुखत होता, निदान मी तसं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी अकराला खाली आलो तर खुर्चीवर दुसराच माणूस, कानात वायर घालून बसलेला. त्याने मला विचारलं, कोण पाहिजे?

त्याच संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्याची बेल वाजवली आणि सगळं सांगितलं. पांढऱ्या गाडीवाला आधी हसला. मग म्हणाला, काका, तुम्ही त्या वॉचमनला वाचवताय, तुमचा स्वभाव चांगला आहे. विश्वास ठेवला नाही, वर माझं कौतुकच केलं त्याने. मी हट्ट सोडला नाही, तेव्हा टीप खरी की खोटी ते विचारायला रविवारी त्याने मला गाडीत घातलं आणि उल्हासनगरला एका ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे नेलं.

हे लिहिताना वाईट वाटतं, पण त्या प्रवासात मला फार बरं वाटलं. पुढच्या सीटवर बसलो होतो. तो मला कारखान्याचं विचारत होता, मी सांगत होतो, आणि रस्त्यावर गर्दी होती म्हणून रस्ता संपत नव्हता. वॉचमनची नोकरी गेली होती आणि मी गर्दी आणखी असावी असं म्हणत होतो.

दुकानदार म्हातारा सिंधी होता. त्याने चष्मा वर केला, वाकला, टिपेत बोट घालून फिरवलं आणि काळंभोर बोट गाडीवाल्यासमोर धरलं. "नया माल अंदर से काला होता है क्या? ओरिजिनल है, साईं. किसी ने हाथ से घिसा है. यह पुराने बफवाले का काम है." मी पुढे झालो आणि माझे हात दाखवले. एकतीस वर्षांची काळी रेघ अजून नखांच्या कडेला आहे. त्याने माझा हात हातात घेऊन बघितला आणि आतून दोन स्टूल मागवले.

परतताना गाडीवाल्याने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, काका, आधी सांगायचं ना. मी म्हणालो, कोणाला?

त्याने रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर सगळं लिहिलं, माझं कौतुकही लिहिलं. जोडलेले हात आले, अंगठे आले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं की काकांचा आम्हाला अभिमान आहे. तिघांनी विचारलं की चाकंही चमकवता का. जे हवं होतं ते सगळं एका रविवारात मिळालं. मी एकच उत्तर लिहिलं, वॉचमनला परत बोलवा. सेक्रेटरींनी सोमवारी एजन्सीला फोन केला. त्यांनी त्याला अंबरनाथला एका मोठ्या कॉम्प्लेक्सवर लावलं होतं, आणि तो परत यायला नाही म्हणाला होता.

मग मीच गेलो. शेअर रिक्षाने अंबरनाथ, तिथून चालत. कॉम्प्लेक्सला मोठं गेट, आडवा दांडा आणि काचेची केबिन. तो नव्या युनिफॉर्ममध्ये होता, टोपीसकट. मला बघून उठला आणि आपली खुर्ची मला दिली. मी घाईघाईने सगळी हकिकत सांगितली, तुझ्यावरचा आळ गेला, सगळ्यांना पटलं, दुकानदाराने बोट कसं काळं केलं. तो नेहमीसारखा ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला,

"काका, मीटिंगला तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता."

मी हो म्हणालो.

"तुम्ही सांगू नको म्हणाला होता, म्हणून मी गप्प बसलो. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल."

माझं चुकलं, मी म्हणालो. घाबरलो. तो म्हणाला, जाऊ द्या. त्याला राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. पगार तेवढाच आहे, तो म्हणाला, पण इथे केबिनच्या मागे संडास आहे. आपल्याकडे स्टेशनपर्यंत जावं लागायचं. दोन वर्षं मी त्याच्याशेजारी रोज तासभर बसलो होतो, आणि हा माणूस मधेच उठून कुठे जातो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझंच सांगून संपत नव्हतं.

मी निघालो तेव्हा त्याने जरा ओशाळून जाड वही पुढे केली. येणाऱ्या प्रत्येकाची एंट्री करावी लागते, वर कॅमेरा आहे, म्हणाला. मी माझं नाव लिहिलं. कुठून आलात, तिथे बेलवली, बदलापूर लिहिलं. पुढचा रकाना होता, कोणाकडे. पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

त्याच्या लक्षात आलं. "वॉचमन लिहा, काका," तो म्हणाला. "चालतं."

मी मान वर केली नाही. वहीकडे बघतच त्याला त्याचं नाव विचारलं.