बाहेर बसलेल्या आया

नांदेडच्या त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. सासूबाई म्हणतात, सोडून दे. मी का सोडू? पोर माझी आहे.

लेकीच्या मेंदूला जन्मताच इजा झालेली, डावी मूठ घट्ट मिटलेली. अहमदपूरहून एसटीनं तिला मांडीवर घेऊन मी जायची, नवरा सोबत असायचा. डॉक्टर मात्र सगळं विचारायचा नवऱ्याला, जो दिवसभर किराणा दुकानात असतो. झोपते का? खाते कशी? नवरा काहीतरी ठोकून द्यायचा. मी तोंड उघडलं की, "बाई, तुम्ही बाहेर बसा." बाहेर बाकड्यावर माझ्यासारख्याच आया बसलेल्या असायच्या.

एकदा तिच्या गळ्यातलं इष्टलिंग बघून तो म्हणाला, "हा गंडादोरा आधी काढा."

आम्हा लिंगायतांत लिंग जन्मापासून अंगावर असतं. गंडादोरा म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं मात्र मुकाट्यानं काढलं. अंगावर लिंग नाही, म्हणून सासूबाईंनी तिला घेऊन करायची रोजची पूजाही थांबवली. मूठ आणखीच आवळली. डॉक्टर म्हणाला, "हा हात असाच राहणार."

मग लातूर गाठलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या मुसलमान बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुम्ही अम्मी ना? घरात हिची मूठ आपसूक कधी उघडती?"

मला रडूच आलं. म्हटलं, "पूजेला उघडायची. आज्जी तळहातावर लिंग ठिवून कोमट पाणी सोडायची, तवा."

"मग बंद कामून केली?" डॉक्टरनं लिंग काढायला लावल्याचं मी सांगितलं. "गळ्यात नको तर दंडाला बांधा. तोच हिचा व्यायाम हाय."

सासूबाई पुन्हा रोज तिला घेऊन पूजेला बसू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात लेक डाव्या हातात वाटी धरून जेवायला लागली. पहिली वाटी तिनं माझ्या अंगावर सांडली, मी ते पुसलंसुद्धा नाही.

आणि मी तिला घेऊन नांदेडला निघाले. दुखणं काही नव्हतं, त्याला दाखवायचं होतं.

लेकीनं त्याच्यापुढं तळहात पसरला. त्यानं चष्मा सावरला आणि विचारलं, अर्थात नवऱ्यालाच, "हे कसं झालं?"

नवऱ्याला मी घरूनच बजावून आणलं होतं. "मला न्हाई ठाव. हिला इचारा."

डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडं वळला. मी खुर्चीत नीट टेकून बसले.

"सांगते की. आधी बाहेर बसवलेल्या त्या बायांना आत बोलवा."