मालनबाईसाठी वाजलेली धून

सोमेश्वरला डोळे मिटून बसवा आणि शेजारच्या घरात टीव्ही लावा. कोणतं चॅनेल लागलंय ते तो दोन सेकंदांत सांगेल. कार्यक्रमावरून नव्हे. कार्यक्रमाच्या आधी चॅनेल स्वतःची ओळख करून देतं, नाव फिरत फिरत येतं, धून वाजते, तेवढ्या तुकड्यावरून. बाकीचे लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठतात. सोमेश्वर तेवढंच बघतो. आखाडा बाळापुरात पंचवीस वर्षं केबलचा धंदा केलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

बातम्यांचं चॅनेल नगारे बडवल्याशिवाय तोंड उघडत नाही. लाल रंग, गरगरणारी पृथ्वी आणि आवाज असा, की जणू घरात चोर शिरलाय. देवाधर्माच्या चॅनेलला घंटा, बासरी आणि किरणांतून सावकाश उगवणारं भगवं नाव. सतार वाजली, पणती दिसली, पाकळ्या पडल्या, की समजावं आता कुणाची तरी सासू येणार. लेकरांच्या चॅनेलचं नाव बेडकासारखं उड्या मारत येतं. "दुकानाच्या पाटीवरून कळतंय ना आत कापड हाय का किराणा? तसंच हाय हे," असं तो पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचा. हल्ली सांगत नाही. विचारणारं कुणी राहिलं नाही आणि त्यालाही बोलायचा कंटाळा येतो.

त्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. म्हणजे अजून आहे, पण तोंडात 'होतं' असंच येतं. नाव 'आपलं बाळापूर'. बावीस वर्षांपूर्वी नांदेडच्या एका स्टुडिओत दिवसभर बसून त्याने या चॅनेलची ओळख करवून घेतली होती. गावच्या पाण्याच्या टाकीमागून सूर्य वर येतो, सूर्यातून अक्षरं निघतात, गोल फिरून जागेवर बसतात. धून बँडवाल्या वसरामची. त्याने कॅसिओवर सनईचा आवाज लावून आठ-दहा सुरांत ती वाजवली, पहाटे लग्नघरी वाजावी तशी. मुद्दामच तशी. हे आनंदाचं चॅनेल आहे, हे गावाला ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे, अशी सोमेश्वरची इच्छा होती. आणि कळायचंही. धून वाजली की पोरं गल्लीतून धावत घरात शिरायची. दुपारी सिनेमा, संध्याकाळी फर्माईशी गाणी, गावातल्या लग्नांची शूटिंग, बारशाच्या शुभेच्छा. आपला फोटो दिसला का नाही यावरून भावकीत भांडणं लागायची.

मग डिश आली, सेट टॉप बॉक्स आले, शेवटी हातात मोबाईल आले. सिनेमा गेला, गाणी गेली. लग्नाच्या शूटिंगा लोक आपापल्या फोनवर बघू लागले. उरल्या त्या मयतीच्या बातम्या. त्या सोमेश्वर फुकट लावायचा आणि त्यात कधी चूक करायचा नाही. आधी तीनदा धून, मग फोटो, नाव, वय, अंत्यविधीची वेळ. सूर्य तोच, सनई तीच. पण आता ती वाजली की बाया गॅस बंद करून उंबऱ्यात यायच्या आणि विचारायच्या, "कोण गेलं गं?"

त्याला ते फार लागलं. एका वर्षी लग्नाची जाहिरात घेऊन आलेला गृहस्थ हात जोडून म्हणाला, "सोमेश्वरराव, जाहिरात लावा, पण ती धून तेवढी वाजवू नका. पोरीची आजी घाबरती." तेव्हा सोमेश्वरने मयतीसाठी वेगळी बासरी आणली, सूर्य काढून समई ठेवली. महिनाभरात गाव अंगावर आलं. बासरी ऐकून लोकांना वाटलं भजन लागलं असेल, कुणी बघितलंच नाही आणि एकाची सख्ख्या मामाची माती चुकली. त्याने मुकाट्याने जुनी धून परत लावली. पंचवीस वर्षांत त्याला एवढंच कळलं, की धुनीत काही नसतं. तिच्यामागून रोज जे येतं, तेच हळूहळू तिच्यात उतरतं. हे आधी कळलं असतं तर काय केलं असतं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो छाती काढून सांगायचा. ती धून कधी खोटी वाजली नव्हती. दवाखान्यातून उडत आलेल्या बातमीवर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. घरी जाऊन, पायांनी जाऊन खात्री करायची आणि मगच बटण दाबायचं.

आता जोडण्या शंभराच्या आत आल्या होत्या. महिनाअखेरीला सगळं बंद करायचं त्याने ठरवलं होतं. बायकोला, शालूबाईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत म्हणाली, "करा. तशाबी त्या तारा कावळ्यायलाच बसायला कामी येऊन राहिल्या." मोठ्या बहिणीला मात्र त्याने हे सांगितलं नव्हतं.

ही मोठी बहीण म्हणजे मालनबाई. आई गेली तेव्हा सोमेश्वर चार वर्षांचा होता, अक्का अठरा वर्षांची. तिनेच त्याला न्हाऊ-खाऊ घातलं. पुढे नवरा वारल्यावर ती भावाकडे आली ती कायमची. 'आपलं बाळापूर' सुरू झालं त्या दिवशी तिने टीव्हीला हळदीकुंकू वाहिलं होतं आणि नंतर आठवडाभर शेजारणींना "माज्या सोमाचा सूर्य बगितला का?" म्हणून विचारत फिरली होती.

तर अशी ही अक्का अंगणात कुरड्या राखत बसली होती. हातात काठी, डोळ्यांवर झापड. समोरच्या खांबावरच्या केबलच्या तारेवरून एक कावळा उडाला, कुरड्यांवर न उतरता थेट तिच्या डोक्यावर बसला, दोन्ही पाय टेकवले आणि गेला.

कावळा शिवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मरण जवळ आलं. त्यावर उताराही ठरलेला, की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. रक्ताचं कुणी ते खरं मानून रडलं, की आलेलं मरण रडण्यावर भागतं. पूर्वी त्यासाठी पत्रं जायची, तारा जायच्या. मागाहून "कावळा शिवला होता" असं कळलं की रडणारे शिव्या घालत हसायचे आणि चहा पिऊन घरी जायचे.

अक्काने त्या दिवसापासून अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले बीपी ठीक, शुगर ठीक, जेवायला सांगा. सांगून काय उपयोग? तिसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना. सोमेश्वर उशाशी बसला, तेव्हा तिने मनगट धरलं.

"सोमा, माजी बातमी लाव."

"कुठं लावू?"

"तुज्या टीव्हीवर. तुज्याच तारेवरून आला ना मेला?"

"अक्का, पुनमला फोन करू की. तुजी लेक हाय ती, रडंल."

"पुनम लगेच व्हिडिओ लावती. मेलेल्या बाईनं फोन कसा उचलावा?" एवढं बोलून तिला धाप लागली.

"आजपत्तोर खोटं लावलं न्हाई मी, अक्का. एकदाबी."

"मंग खरी लावायची वाट बगून राहिला का तू?"

तो उठून बाहेर गेला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आत येऊन पाहिलं तर शालूबाई चमच्याने पाणी पाजत होती आणि ते अक्काच्या ओठांवरून गळ्याकडे ओघळत होतं. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता, हा एकच चेहरा होता. चॅनेलची अब्रू गेली चुलीत, असं तो मनाशी म्हणाला, आणि तरीही ती जाणार याचं त्याला वाईट वाटत राहिलं.

फोटो अक्कानेच निवडला. "आधार कार्डातला नको, त्यात मी खरंच मेल्यावानी दिसती." पुनमच्या लग्नातला, हिरव्या लुगड्यातला फोटो ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईने अंगणात दोन सतरंज्या अंथरल्या. गल्ली लोटणार म्हणून शेजारून मोठं पातेलं आणलं आणि चहा चढवला. येणाऱ्याला थोडं रडू द्यायचं, मग तिने पुढे होऊन सांगायचं, आणि कप हातात द्यायचा, असं ठरलं. अक्का आतल्या खोलीत दाराकडे कान लावून पडली.

नऊ वाजता सोमेश्वर पुढच्या खोलीत त्याच्या मशिनसमोर बसला. 'मालनबाई, वय ७२' इथपर्यंत बोटं चालली. 'यांचे दुःखद निधन' लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने बटण दाबलं. टाकीमागून सूर्य वर आला, वसरामची सनई तीनदा वाजली आणि अक्का पडद्यावर हसू लागली. बातमी फिरून फिरून लागत राहावी असं करून तो अंगणात येऊन उभा राहिला.

साडेनऊ झाले. कुणी आलं नाही.

"येतील," शालूबाई म्हणाली. "लुगडी बदलत असतील."

पावणेदहाला आतून आवाज आला, "कोण कोण आलं?"

"येऊन राहिले, अक्का," शालूबाईने सांगितलं आणि गॅस बारीक केला.

सोमेश्वरने चपला घातल्या आणि तो गल्लीत गेला. एके काळी या गल्लीच्या एका टोकाला धून सुरू झाली की माणूस दुसऱ्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत जायचा, दर खिडकीतून तीच. आता तो दारादारापाशी थांबून ऐकू लागला. पहिल्या घरात नगारे. बातम्या. दुसऱ्या घरात घंटा आणि बासरी. तिसऱ्यात बेडकाच्या उड्या. पुढच्या ओसरीवर रतनसिंग टेलर मशिनवर फोन टेकवून बसला होता आणि फोनमधून दर दहा सेकंदांनी नवंच काहीतरी ओरडत होतं, त्या आवाजांना तर स्वतःची अशी ओळखधूनही नव्हती. सोमेश्वर शेवटच्या घरापर्यंत गेला. त्याची सनई कुठेच नव्हती. शंभरातली जी घरं पैसे भरत होती, तीही बहुतेक सवयीने भरत असावीत.

शेवटचं घर सोजराबाईचं, अक्काच्या जन्माच्या मैत्रिणीचं. आत सतार वाजली, पणती लागली असणार. सोजराबाईने खिडकीतून त्याला पाहिलं.

"काय रे सोमा, सकाळी सकाळी? अक्का बरी हाय ना?"

'गेली' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो बोलला असता तर सोजराबाई ऊर बडवत धावली असती, गल्ली गोळा झाली असती, काम झालं असतं. पण पडद्यावर लिहिलेलं त्याला तोंडाने म्हणवेना.

"बरी हाय," तो म्हणाला. "कुरड्या घातल्यात."

"मंग येते दुपारी. टीव्हीवरची शिरेल संपू दे."

तो घरी परतला. सतरंज्या तशाच होत्या, त्यांच्यावर कोंबडी फिरत होती. चहावर जाड साय धरली होती. पुढच्या खोलीतून धून येत होती, संपत होती, पुन्हा येत होती. सगळ्या बाळापुरात ती याच एका घरात वाजत होती. सोमेश्वर सतरंजीवर बसला. तो फार थकला होता. पंचवीस वर्षं खांबांवर चढून दुखणारे गुडघे त्याने पोटाशी घेतले. आतून अक्काने विचारलं, "सोमा, मी मेले तर कुणीच येईना का रे?" आणि ते ऐकून त्याला रडू फुटलं. सुरुवातीला आवाज न करता, मग मोठ्याने, चार वर्षांच्या पोरासारखं. शालूबाई घाबरून पळत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

"कोण रडून राहिलं?" अक्काने विचारलं.

"तुमचा भाऊ," शालूबाई म्हणाली.

"खरं का सोंग?"

"खरं हाय, अक्का. थांबंना झालेत."

आत खाट वाजली. चार दिवस न जेवलेली मालनबाई भिंत धरत दारापर्यंत आली, चौकट पकडून उभी राहिली आणि भावाकडे बघत राहिली.

"माज्यासाठी रडला का त्या मशिनीसाठी?"

सोमेश्वरने मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आसू दे," अक्का म्हणाली. "रक्ताचं माणूस रडलं ना? मंग उतरलं. शालू, तो चहा वाया घालवू नको. आन् चपाती हाय का त्यासंगं?"

शालूबाईने साय बाजूला करून तीन कप भरले. अक्काने शिळी चपाती चहात बुडवून पहिला घास खाल्ला. पुढच्या खोलीत पुन्हा सनई सुरू झाली.

"सोमा, आता ते बंद कर. मी जिती हाय."

तो उठून आत गेला. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली अक्का हसत होती. त्याने बटण दाबलं, मशिनचा पंखा थांबला, खोली शांत झाली. महिना संपायला अजून नऊ दिवस होते. त्याने मशिनवर फडकं टाकलं आणि निवत आलेला चहा प्यायला तो बहिणीशेजारी जाऊन बसला.