दुधाचा पेला

लहानपणी मला स्वतःच्या हुशारीचा भारी गर्व होता. रविवारी सकाळी टीव्हीवर एक हिंदी हेरमालिका लागायची आणि खुनी कोण हे मी जाहिराती लागायच्या आतच सांगून टाकायची. बहुतेक वेळा चुकायची, पण आवाज माझाच मोठा. जव्हारच्या आमच्या घरी धुण्याभांड्याला एक मावशी यायची. आली की आधी दूध तापवायची, मग भांडी. मालिका लागली की ती उंबऱ्यावर येऊन बसे. तिला हिंदी येत नसे, म्हणून मी तिच्याजवळ बसून सगळं समजावून सांगायची. तेवढी मजा मला पुढे कुठल्याच कार्यक्रमात आली नाही.

एक भाग मात्र अजून लख्ख आठवतो. शेटजी झोपताना दूध पितात आणि सकाळी मेलेले सापडतात. दुधाचा पेला नेऊन दिलेला असतो मोलकरणीने. घरातले काय, पोलीस काय, सगळे हात धुऊन तिच्या मागे लागतात. मी अगदी रंगवून सांगत होते. मावशी मध्येच उठली. "माला ठाव हाय कोन तां," म्हणाली आणि शेवट न बघताच निघून गेली.

खुनी पुतण्या निघाला. "मेल्या, तूच होय रे!" असं टीव्हीसमोर बसलेली आईच ओरडली. मी धावत जाऊन मावशीला रस्त्यात गाठलं आणि मोलकरीण निर्दोष असल्याचं सांगितलं. "बरां बाय," म्हणून ती हसली. पुढे कितीदा शपथेवर सांगितलं, तरी ती नुसती माझ्या गालावरून हात फिरवायची. मला राग यायचा. कधी नव्हे ते मी खरं बोलत होते आणि ही मला थापाडी समजत होती.

गेल्या महिन्यात तो भाग मोबाइलवर सापडला. मला राहवेना. मावशी आता खोडाळ्याला लेकीकडे असते. जीप पकडून गेले. ओटीवर शेजारी बसून मी तिला पुन्हा वाक्यागणिक सांगत गेले. या वेळी ती उठली नाही. पुतण्याला बेड्या पडल्या तशी मी विचारलं, "आता तरी पटलं ना?"

"पटलां. तू खरांच बोलली व्हतीस." मावशीने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "मंग तुझे आयनी दुसरे दिसापून दूध सोताच कां तापवलां?"

गॅसपाशी पाठमोरी उभी असलेली आई माझ्या डोळ्यांसमोर आली. तशी ती रोज सकाळी दिसायची, आणि मी, घरातली हेर, कधी विचारलंसुद्धा नाही. खुनी मोलकरीणच, हे मावशीने त्यावरूनच पक्कं धरलं होतं. मला फार लाज वाटली. मावशी अर्ध्यावर उठून गेली होती, पण आईने तर शेवट बघितला होता.