गुंडूच्या फॉर्ममधला एक रकाना

तंजावरात फॉर्म भरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण फॉर्मवर जीव लावणारा माणूस एकच, आणि ते माझे सख्खे मामा आहेत. पापनाशमच्या सरकारी कचेरीत त्यांनी अख्खी नोकरी काढली. सकाळच्या पॅसेंजरने गेले, संध्याकाळच्या पॅसेंजरने आले, आणि एवढ्या वर्षांत आपण एकच गोष्ट शिकलो असं ते सांगतात: "माणूस खोटं बोलत नाही गं, रकाना चुकीचा असतो." निवृत्त झाले तरी बनियनच्या गळ्याला पेन अडकवलेलं असतं. लग्नाची पत्रिका आली की ती तांबड्या शाईने तपासून, "तारीख आहे, वार नाही, मंडपाला कुठल्या बाजूने यायचं ते कळत नाही" असा शेरा मारून परत पाठवतात. एका वधूपित्याने ती खरोखरच पुन्हा छापून घेतली. पोस्टात कुणी पेन मागितलं तर मामा पेन देत नाहीत, त्याचा फॉर्मच भरून देतात, आणि भरता भरता त्याच्या सुनेच्या माहेरापर्यंत पोचतात. पूर्वी मला याचा राग यायचा. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, मी पत्रकं वाटणाऱ्यांपैकी आहे. कुत्र्यांना लस का मिळत नाही यावर मी देवनागरीत एक जळजळीत पत्रक काढलं होतं, तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी माणसांसाठी म्हणून. मामांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. आता गावात हे वाचता येणारी चार माणसं शोध. एक मी आहे." ते स्वतः मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत.

मामांच्या घरात गुंडू आला तो पापनाशमच्या फलाटावरून. एका संध्याकाळी तो मामांच्या मागोमाग डब्यात चढला, बाकाखाली झोपला आणि तंजावरला उतरला. तपकिरी, एक कान उभा, एक पडका. "बिनतिकिटाचा होता, कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती," एवढंच स्पष्टीकरण मामांनी दिलं. मामा गुंडूला अहो-जाहो करतात. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असा हिशेब मांडून त्यांनी ठरवलं की गुंडू त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि मोठ्यांना एकेरी हाक मारायची आपल्या घरात रीत नाही. मामी गेल्यानंतर घरात मराठी ऐकणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी भाची, रोज जाणारी, पण मामा मराठीत विचारायचे आणि मी तमिळमध्ये उत्तर द्यायचे. आमच्या पिढीत असंच चालतं. कळतं सगळं, तोंडातून येत नाही. पुस्तकं वाचून मी लिहायला शिकले होते, बोलायची मात्र लाज वाटायची. गुंडूला लाज नव्हती. सकाळी सहाला मामा डबऱ्यातली, म्हणजे पितळी वाटीतली, कॉफी संपवून म्हणायचे, "चला, हजेरी." गुंडू यायचा, बसायचा, उजवा पाय मामांच्या गुडघ्यावर ठेवायचा, म्हणजे सही झाली. मग केळ्याच्या फोडीतून गोळी. मग मामा तमिळ पेपर मराठीत वाचून दाखवायचे, पाऊसपाण्यापासून निधनवार्तांपर्यंत अस्की बातम्या, म्हणजे सगळ्याच. संध्याकाळी सहाला पुन्हा हजेरी, पुन्हा गोळी, उरलेला पेपर.

ती गोळी फिटची होती. एक वेळ चुकली तर गुंडू काही तासांतच जमिनीवर ताठ होऊन पडायचा, तोंडाला फेस यायचा. आणि गोळी तो मामांशिवाय कुणाच्या हातून घेत नसे. शेजारच्या बाईंनी इडलीत घालून दिली, तर इडली खाऊन गोळी स्वच्छ करून बाहेर ठेवली. इकडे मामांचे दोन्ही गुडघे संपले होते. चेन्नईला राहणारी त्यांची मुलगी तिकडे ऑपरेशनची तारीख घ्यायची आणि मामा ती रद्द करायचे. दोनदा झालं. "तीन महिने मी तिकडे आणि गोळी इकडे. कोण देणार?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय ते जागचे हलणार नव्हते, आणि हलले नसते तर पुढच्या वर्षी त्यांना हलताच आलं नसतं.

त्याच सुमाराला मी आणि माझी मैत्रीण सेल्वी एक मोबाइल अ‍ॅप करत होतो. जनावरांच्या लसी, औषधं, दवाखान्याचे कागद सगळं एका ठिकाणी, म्हणजे मालक बदलला, डॉक्टर बदलला तरी जनावराची हकिकत हरवणार नाही. कोड सेल्वीचा, आराखडा माझा. मामांना दाखवायची चूक मी केली. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत, फूलस्केप कागदांची गुंडाळी काखेत धरून आमच्या खोलीत हजर झाले. प्रत्येक कागदावर पट्टीने आखलेला मोबाइल, आत पेन्सिलीचे रकाने, खाली कार्बन कॉपी.

"पहिल्या पानावर हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जबाबदार पालक आहात का?" मी वाचून दाखवलं. मोठी अक्षरं, तांबडा रंग, मला फार आवडलेलं पान होतं ते.

"माझं कुत्रं फिट येऊन पडलंय, मी घाबरून फोन उघडतोय, आणि तू मला जाब विचारतेस. हे पत्रक आहे. पत्रक भिंतीला लाव. इथे डॉक्टरचा नंबर घाल."

सेल्वीने माझ्याकडे न बघता ते पान पुसलं.

मग कुत्र्यांच्या जातींची यादी. आम्ही ती कुठूनतरी तयार उचलली होती. चाळीस परदेशी नावं आणि शेवटी 'इतर'. मामांनी ती चष्मा कपाळावर चढवून वाचली. "ज्यांचे केस इथल्या उन्हात गळून जातात ते सगळे पहिले, आणि गाव भरून जी कुत्री आहेत ती इतर?" इथे मात्र आमचं एकमत झालं. मला इतका संताप आला की मी त्याच बैठकीत 'गावठी' हा शब्द सर्वांत वर चढवला. 'इतर' मामांनी एकाच ठिकाणी राहू दिलं, प्राण्यांच्या प्रकारात. "पोपट, कासव यांच्यासाठी. त्यांना तक्रार करता येत नाही." प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांनी 'शेरा' म्हणून मोठी मोकळी जागा मागितली. दिली.

भांडण झालं ते पुढच्या रकान्यावर. मामांनी सुवाच्य लिहिलं होतं: 'जनावराला कळणारी भाषा'.

"मामा, हे हास्यास्पद आहे," मी म्हणाले, तमिळमध्येच. "कोण भरणार हे?"

सेल्वी हसत होती. "काय हो मामा, तंजावरात राहून तुमच्या कुत्र्याला तमिळ येत नाही?"

"तंजावरात राहून तुझ्या मैत्रिणीला मराठी बोलता येतं का?" मामा शांतपणे म्हणाले. "ज्याच्याशी घरात जे बोललं, तेच त्याला कळणार."

मी ठाम नकार दिला, आणि नुसता नकार देऊन थांबले नाही. त्या आठवड्यात गुंडूचं रक्त तपासायचं होतं. मामांना म्हटलं, तुम्ही घरी बसा, मी एकटी त्याला ओरत्तनाडूच्या जनावरांच्या दवाखान्यात नेते. भाषेचा काही संबंध नाही हे सिद्ध करून दाखवते. मामा हो म्हणाले आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले.

दवाखान्यात गुंडू टेबलाखाली शिरला. डॉक्टर भले गृहस्थ होते. "उक्कारु, उक्कारु" म्हणजे बस, बस, असं ते खाली वाकून किती वेळ सांगत होते. मी तमिळमध्ये गोडीत बोलले, मग रागावले, मग बिस्कीट दाखवलं. तो भिंतीला पाठ लावून थरथरत राहिला आणि दात दिसू लागले. मदतनीस तोंडाला बांधायची जाळी घेऊन आला. बाहेर आठ माणसं, दोन शेळ्या आणि एक वासरू थांबलं होतं. तसं तोंड बांधून, चौघांनी दाबून रक्त काढता आलं असतं, पण मग रोज दोन वेळा गोळी कोण देणार होतं, दाबून?

मी फरशीवर बसले. आणि इतक्या लोकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने, मराठीत म्हणाले, "चला, हजेरी."

पडका कानही उभा राहिला. तो बाहेर आला, माझ्यासमोर बसला आणि उजवा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. डॉक्टरांनी त्याच पायातून रक्त घेतलं. मी पूर्ण वेळ बोलत होते, चुकत, अडखळत, बसच्या गर्दीबद्दल, वासराबद्दल, काहीही. डॉक्टरांनी विचारलं, ही कुठली भाषा? मी सांगितलं. त्यांनी केसपेपरच्या कडेला ते लिहून ठेवलं, कारण छापील कागदावर तसा रकाना नव्हता.

घरी आल्यावर मामांनी एवढंच विचारलं, "सही केली का त्यांनी?" सेल्वीने रकाना घातला. मामांनी ऑपरेशनची तारीख घेतली. त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा असं मी सुचवलं, तेव्हा म्हणाले, "नको गं. आवाज ऐकून ते मला घरभर शोधत बसतील. तूच बोल."

मामा चेन्नईला गेले आणि गुंडू माझ्याकडे आला. सहाला अ‍ॅप आठवण करतं, फोन वाजतो, मी हजेरी घेते. नुसत्या हजेरीवर तो गोळी गिळत नाही, हे पहिल्याच दिवशी समजलं. पेपर सुरू होईपर्यंत ती गालात धरून बसतो, त्याला पेपर लागतो. रोज दोन वेळा मी एका कुत्र्याला जगाच्या बातम्या मराठीत सांगू लागले. गोळी एकदाही चुकली नाही, फिट आलेली नाही. शेऱ्यात मी रोज लिहायचे, मामा चेन्नईहून वाचायचे आणि फोन करून चुका काढायचे.

गुडघे बरे झाले. तीन महिने मात्र सरून गेले. जिना आहे, अजून एक महिना राहा, असं मुलगी म्हणते, आणि ती बिचारी खोटं बोलत नाही. ती आणि जावई कामावर जातात, नातवंडांना आजोबा कळतात, पण बोलतात ती इंग्रजीतच.

गेल्या आठवड्यात सेल्वीने फोन पुढे केला. "कुणीतरी चुकीची नोंद केली आहे. काढून टाकू?"

प्राण्याचा प्रकार: इतर. वय: बाहत्तर. चालणे: सुधारले आहे. कळणारी भाषा: मराठी. औषधाचा रकाना कोरा होता. खाली शेऱ्यात, तमिळ अक्षरांत: 'खाणेपिणे व्यवस्थित. हजेरी कुणी घेत नाही.'

"चुकीची नाही," मी म्हणाले. फोन घेतला आणि औषधाच्या रकान्यापुढे दिवसातून दोन वेळा असं भरलं.

आता सहाला फोन वाजला की मी आधी गुंडूला गोळी देते. मग चेन्नईला लावते, फोन त्याच्या उभ्या कानापासून लांब धरते, आणि आम्ही पेपर उघडतो.