मंगळासाठी घेतलेली जादा लाईन

चंद्रभागेचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कर्वेनगरच्या चौकात दुधाचा टेम्पो चारला यायचा. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला गळक्या पिशव्यांचा क्रेट यायचा. तो तिला कधी मिळाला नाही.

मी तिच्या खालच्या मजल्यावर राहतो. तिचा नवरा सुखदेव आणि मी एकाच फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतो. जन्मभर लोखंड उचललंय, त्यामुळे ओझं कोण नीट उचलतं ते मला लांबून कळतं. चंद्रभागा दोन्ही हातांत सारखं वजन घ्यायची. जिना चढताना बोलायची नाही. पिशवी दारात टाकायची नाही, ठेवायची.

त्या वेळी रस्त्यावर कुत्री आणि वर चांदण्या, एवढीच सोबत. त्यातली एक चांदणी लुकलुकत नाही, हे तिनं पाहिलं आणि घरी सांगितलं. मुलगी शालू तेव्हा शाळेत होती. तिनं पुस्तकात बघून सांगितलं की हा शुक्र. तेव्हापासून त्या घराला नाद लागला. रविवारी संध्याकाळी तिघं गच्चीवर चटई टाकायची. ग्रह कुणाला आधी दिसतो यावर पैज. हरेल त्यानं चहा करायचा. चहा बहुतेक सुखदेव करायचा.

पुढे आजूबाजूला इमारती उठल्या. कॉम्प्युटरवाल्या पोरांनी फ्लॅट घेतले, रस्त्याला पिवळे दिवे आले. पश्चिमेचं अर्धं आकाश गेलं. उरलेल्यावर यांचं भागत होतं.

दोन हजार तीन साली मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार, अशा बातम्या रोज पेपरात होत्या. चंद्रभागेला तो उन्हाळ्यापासूनच पहाटे दिसत होता, लाल आणि रोज थोडा मोठा. त्याच उन्हाळ्यात शालूला वाघोलीचं स्थळ आलं. मुलगा रविराज, सॉफ्टवेअर कंपनीत. वडील हिंमतराव, जमिनीचा रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला देऊन जीप घेतलेले. शालू तेव्हा एका ऑफिसात नोकरीला होती. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, फोन सुरू झाले. मग पत्रिका बघितल्या आणि निरोप आला की मुलीला मंगळ आहे, शांती करावी लागेल, खर्च मुलीकडच्यांनी करायचा.

चंद्रभागेचा यावर विश्वास नव्हता. तरी ती हो म्हणाली. "पोरीला मुलगा आवडलाय. एका पूजेनं माझं काय झिजतंय?"

झिजले ते गुडघे. शांतीच्या खर्चासाठी तिनं दूध टाकायची जादा लाईन घेतली. नदीकडच्या जुन्या इमारती, चार मजले, लिफ्ट नाही. सगळा पावसाळा ती त्या ओल्या जिन्यांवर होती. सुखदेव म्हणाला, "मी येतो मदतीला."

"नको. तुम्ही पिशव्या फोडाल."

ढगांमुळे ऑगस्टभर मंगळ काही दिसला नाही. नवरात्रात आकाश मोकळं झालं. चौथ्या माळेला हिंमतराव, त्यांची बायको मुक्ताई आणि रविराज तारीख धरायला आले. घरातला म्हणून मलाही बोलावलं होतं. पोहे झाले. हिंमतरावांनी बशी खाली ठेवली.

"शांतीचं ठरल्यालंच हाय. पर आमचे गुरुजी म्हनतात, मंगळ लई कडक हाय. आधी पोरीचं लगीन मडक्याशी लावायचं. मडकं नदीत सोडायचं. दोष त्येच्याबरोबर गेला. मग आमच्या पोराशी."

मग चंद्रभागा म्हणाली, "आणि मुलाचं काय सोडायचं नदीत?"

"पोराला काय झालंय?"

"काही नाही. चला, जरा वर चला."

"वर कशाला?"

"ज्याचं भय घालताय, त्याला एकदा बघून तरी घ्या."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. आग्नेयेला पाण्याच्या टाकीवर मंगळ होता. लाल, स्थिर. चंद्रभागेनं बोट केलं. मुक्ताईनं आधी हात जोडले, मग निरखून बघितलं.

"ह्यो व्हय? ह्यो तर आमच्या गोठ्यावर रोज दिसतोय. मी म्हनते, कुणी येवढी बत्ती लावलीया!"

शालूला हसू आवरेना. हिंमतराव मात्र वर बघेनात. टाकीकडे बघत म्हणाले, "तुमी आमाला शिकवू नका."

"शिकवत नाही, दाखवतेय. रोज तुमच्या गोठ्यावर असतो ना? मग एक तरी म्हैस मेली का?"

"येक मेली," मुक्ताई म्हणाली. "पर ती साप चावून."

"मग सापाची पत्रिका बघा," सुखदेव म्हणाला.

हिंमतराव तापले. "थट्टा पुरे. मडक्याचं जमतंय का न्हाई, तेवढं सांगा."

"पूजेला हो म्हणाले होते, ती घालते," चंद्रभागा म्हणाली. "पण माझी मुलगी मडक्याची विधवा होऊन तुमच्या दारात येणार नाही."

शालू रविराजकडे वळली. "तू बोल काहीतरी."

"प्रॅक्टिकली बघ ना, शालू. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे. घरच्यांचं समाधान."

"अर्ध्या तासाचाच आहे ना? मग तू लाव मडक्याशी."

हिंमतराव जिना उतरले, त्यांच्यामागून रविराज. मुक्ताई दारात थांबली, शालूची हनुवटी धरली, काहीतरी बोलणार होती. खाली जीपचा हॉर्न वाजला. ती गेली.

शालू बरेच दिवस रडत होती. खोटं कशाला सांगू? आईनं तिला उगी राहा म्हटलं नाही. गल्लीत चर्चा झाली. शेजारची बायडाबाई जिन्यात अडवून म्हणाली, "एवढा ताठा बरा नाही हो. मुलगी घरात राहील."

"राहू दे की. घर तिचंच आहे."

जादा लाईन चंद्रभागेनं सोडली नाही. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "लोकांना सवय लावली. बदली माणूस मिळेपर्यंत कसं सोडू?" दिवाळीला माणूस मिळाला, तेव्हा सोडली.

शांतीचे पैसे डब्यात तसेच होते. सुखदेव म्हणाला, पोरीसाठी सोनं घेऊ. चंद्रभागेनं शालूला विचारलं. शालूनं सांगितलं तीच वस्तू आली, दुर्बीण. सोबतचा स्टॅंड हलका होता, हात लागला की ग्रह पळायचा. सुखदेवनं तो बाजूला ठेवला आणि जाड पाइपाचा नवा केला. वेल्डिंग मी केलं. अजून हलत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर नेली. शालू आणि सुखदेव दोन बाजूंनी धडपडत होते, मंगळ काही सापडत नव्हता. चंद्रभागेनं दोघांना बाजूला केलं, नळीवरून नजर धरली, हळूच फिरवली आणि डोळा लावला. बराच वेळ ती हलली नाही.

"एवढासा," ती म्हणाली. "याच्यासाठी मी ते सगळे जिने चढले."

डोळा तसाच ठेवून तिनं हात मागे केला आणि शालूला जवळ ओढलं.

"अहो, चहा ठेवा. आधी मला दिसलाय."